खंडेनवमीचा बॉल

काल दुकानात नव्या बास्केटबॉलच्या रबराचा वास आला आणि देवासमधली एक खंडेनवमी आठवली.

त्या वर्षी अमेरिकेत बास्केटबॉलच्या संघमालकांनी पैशांच्या वादातून खेळाडूंवर टाळेबंदी लादली होती, सामने बंद होते. "टीव्ही पे मॅच ही नहीं आएगी, तो सीखेंगे किससे?" म्हणत माझ्या मैत्रिणी एकेक करून मैदानावर यायच्या थांबल्या. मी वडिलांपाशी चिडचिड केली, "अण्णा, ते करोडपती! त्यांना कसलं आलंय भांडण?"

अण्णांच्या कारखान्यालाही तेव्हा टाळं होतं. पूजायची हत्यारं आतच अडकलेली.

"टाळं मालकानंच लावलं ना? मग ते खेळाडू आमच्यातलेच," अण्णा म्हणाले. त्यांनी रिकाम्या पाटावर माझा बॉल ठेवला, हळदकुंकू वाहिलं. वर ठेवलेलं झेंडूचं फूल सारखं घरंगळत होतं. "आज याला हात लावायचा नाही."

मी पार गोंधळले. ज्यांच्यामुळे माझं मैदान ओस पडलं, त्यांच्याच बाजूचे अण्णा? मग पूजा माझ्या बॉलची का? अजूनही नीट उमगत नाही.

हात जोडून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या मात्र एकटी का होईना, खेळायला जा. तुझ्या मैदानाला कुणी टाळं लावलेलं नाही."