अहिल्यामावशीचा फोटो

माझी अहिल्यामावशी मेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पानिपतला तिच्या शाळेत गेलात तर उलटंच ऐकाल.

दत्तात्रयकाकांची तिथे सरकारी नोकरी, म्हणून लग्नानंतर मावशी पानिपतला आली. घरात बसून करमेना, तेव्हा या बाईनं सुताच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत शाळा काढली. विणकरांची पोरं गोळा केली. मुलींना पाठवा म्हणून दारोदार शिव्या खाल्ल्या. एका घरानं तर अंगावर कुत्रं सोडलं. ते पोटरीला चावलं, तरी दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून बाई पुन्हा त्याच दारात! त्या घरची पोर सलोनी. आज तीच शाळेची प्रिन्सिपल आहे.

दर जानेवारीत काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, महाराष्ट्रातून मंडळी यायची. मावशी त्यांना पिठलं-भाकरी वाढायची आणि म्हणायची, "इथवर आलात, तर माझी शाळा बघून जा की!" कुणी फिरकायचं नाही. "आपल्या माणसांना पानिपतातली मेलेलीच माणसं आवडतात गं," म्हणून हसायची.

मूलबाळ नव्हतं. वय झालं तशी तिनं शाळा एका ब्लँकेटवाल्याच्या हाती सोपवली, तो चेअरमन झाला. मग करोनाची दुसरी लाट आली. नवराबायको एकदमच हॉस्पिटलात, आणि काका गेले. शाळेच्या ग्रुपवर कुणा शहाण्यानं दोघंही गेल्याचं टाकलं. झालं! शोकसभा उरकली, हॉलवर 'स्वर्गीया अहिल्या देवी' अशी पाटी लागली. मावशी वाचली. मी तिला दिल्लीत द्वारकेला माझ्या घरी आणलं आणि सलोनीला फोन केला. "अच्छा? थँक गॉड!" एवढं बोलून बाईसाहेब मोकळ्या. पाटी तशीच राहिली.

यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली. मावशीला एकच ध्यास, एकदा त्या स्टेजवरून पोरांशी बोलायचं. आमंत्रण आलंच नाही. मेलेल्या माणसाला पत्रिका कोण धाडतं? मी म्हटलं, "नको जाऊस, अपमान होईल."

"माझ्याच शाळेत? चल, वेडे!"

ठेवणीतली इरकल नेसली, आणि गाडीत सगळा वेळ भाषण घोकत होती.

स्टेजवर तिचाच, तरुणपणीचा भला मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. सलोनीनं आम्हाला दारातच ओळखलं. मावशीच्या पाया पडली, ते खरं. मग कोपऱ्यात नेऊन हात जोडले. "मॅम, प्लीज समझिए. चीफ गेस्ट आ चुके हैं. आपकी याद में पूरा प्रोग्राम है. अब आप स्टेज पर आएँगी तो तमाशा हो जाएगा."

माझं डोकंच सणकलं. "तमाशा तो आप लोगों ने किया है!" मी ओरडले. मावशीनं माझा हात दाबला. "राहू दे केतकी. पोरांचा कार्यक्रम आहे."

आम्हाला शेवटच्या रांगेत बसवलं. सलोनीनं भाषणात कुत्र्याची गोष्ट सांगितली, रुमालानं डोळे टिपले. "काश, आज मॅम हमारे बीच होतीं!" अख्खा हॉल हळहळला. मेली ढोंगी! मला तर तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. मावशी मात्र टाळ्या वाजवत होती.

मग माइकवरून सांगितलं, सगळ्यांनी रांगेनं स्टेजवर येऊन फुलं वाहा. मावशी उठली.

"अगं, कुठे निघालीस?"

"स्टेजवर जायला मिळतंय ना."

ती रांगेत उभी राहिली. मी तिच्या मागे. पायऱ्या चढताना गुडघा धरला होता. कुणीतरी ओंजळीत पाकळ्या दिल्या. आपल्या फोटोपुढे येऊन ती थांबली आणि वळली. समोर हॉलभर पोरं. तिनं घसा खाकरला. "बच्चो..."

"आंटीजी, फूल चढ़ाइए और आगे बढ़िए," मागून एक बाई वैतागून म्हणाली. "पीछे लाइन है."

मावशी पुन्हा फोटोकडे वळली. पाकळ्या वाहिल्या, नमस्कार केला आणि माझा हात धरून खाली उतरली.