आंधळं भाषण

आंधळं भाषण हा खेळ मी काढला, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. खेळ निघाला तो एका माणसाच्या फजितीतून. मी त्याला फक्त नियम लावले. नियम लावायची मला खोडच आहे, घरची माणसं अजून त्यावरून बोलतात.

नवीन राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी चांदूर बाजारचा, अमरावतीला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो. माझ्या खोलीतला दुसरा भातकुलीकडचा, म्हणून सगळे त्याला भातकुलीवालाच म्हणत. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. बाप सालदार, दुसऱ्याच्या वावरात राबणारा. घरात शिकलेला हा पहिला. अक्षर मोत्यासारखं, चित्रं त्याहून सुरेख, आणि अभ्यासात आम्हा सगळ्यांच्या पुढे. पण वर्गासमोर उभा राहिला की त्याचा आवाज जायचा. खरोखर जायचा. ओठ हलत आणि आतून काही येत नसे. आमच्याकडे लेखी पेपर कितीही चांगले जावोत, बाहेरच्या परीक्षकासमोर वार्षिक पाठ घ्यावा लागे, आणि तो पास झाला नाही तर सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही तर नोकरी नाही. मागच्या वर्षी हा त्याच पाठात नापास झाला होता. बापानं एकदाच पुन्हा पाठवलं होतं. या खेपेला जमलं नाही तर तोही वावरात जाणार, हे ठरलेलं होतं.

आता फजिती. सरावाचा पाठ होता, विषय हिवताप. आम्ही दहाजण मागच्या बाकांवर निरीक्षणाला बसलेलो. त्यानं तक्ता उलगडला तर डासाच्या जागी कोंबडी. कोणीतरी कपाटातली गुंडाळी बदलून ठेवली होती. तो त्या कोंबडीकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, झालं, आता हा रडतो. तर तो खणखणीत आवाजात म्हणाला, "मुलांनो, डासाकडे जाण्यापूर्वी आपण कोंबडीचा विचार करू." आणि दहा मिनिटं बोलला. चेहऱ्यावर हसू नाही. आमची हसून हसून पुरेवाट झाली, मुलांना मात्र सगळं पटत होतं.

खोलीवर आल्यावर मी विचारलं, "काहून बे, आज आवाज कुठून आला?"

तो म्हणाला, "जे मले येते, त्यात चुकीन याचं भेव वाटते. त्या कोंबडीचं कोनालेच काही येत नव्हतं. मंग चूक कोन काढनार?" थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "गावच्या शाळेत मी चुकलो का मास्तर माह्यं नाव नाही घेत. म्हनत, यायच्यात असंच असते. एक मी चुकलो का सारी वस्ती चुके."

माझं ध्यान कोंबडीतच होतं. त्यातूनच खेळ डोक्यात आला. हे तुझ्यासाठी औषध आहे, असं मी त्याला सांगितलं. खरं म्हणजे मला मजा हवी होती.

ब्लॉकच्या ऑफिसात गावोगावच्या प्रचाराचे फाटके, जुने तक्ते पडलेले असत. तिथल्या बाबूच्या मागं लागून मी वीस-पंचवीस आणले. डास, विहिरीत टाकायची पावडर, बैलाचे दात, खताचा खड्डा, अल्पबचत. शनिवारी दुपारी शाळा सुटली की एका रिकाम्या वर्गात आम्ही जमायचो. टोपीतून चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत विषय. पाठीमागं स्टँडवर तक्त्यांची चळत, पालथी. बोलणाऱ्यानं डस्टर आपटलं की दुसऱ्यानं एक तक्ता उलटायचा, आणि जे निघेल ते विषयात बसवायचं.

पहिला शनिवार पार पडला, पडला म्हणजे पडलाच. स्वतःला विनोदी समजणारे दोघं आधी उठले आणि त्यांनी ठेवणीतले चुटके सांगितले. कोणी हसेना. मग म्हणाले, तक्तेच फाटके आहेत. नाचता येईना, अंगण वाकडं. मी रागावून सगळ्यांना हाकलून दिलं आणि आठवडाभर त्याच्यावर विचार केला. हसवायला म्हणून जो उभा राहतो तो हसवत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं. मग नियम आले. समोर शिक्षणाधिकारी बसलेत असं समजून बोलायचं. स्वतः हसला तो बाद. तक्त्याकडे एकदाच बघायचं. आणि प्रत्येक तक्ता "म्हणूनच" या शब्दानं विषयाला जोडायचा. वेळेसाठी मी गजराचं घड्याळ आणलं होतं, पण ते त्याला वाटेल तेव्हा वाजायचं, म्हणून पाच मिनिटं झाली की मी थाळी वाजवू लागलो. पुढे प्रश्नही आले. ऐकणारे गावकरी व्हायचे आणि बोलणाऱ्याला साहेब समजून आडवे प्रश्न घालायचे. वऱ्हाडी माणसाला आडवा प्रश्न शिकवावा लागत नाही.

भातकुलीवाल्याला एकदा विषय आला, लग्नाला वेळेवर कसे पोचावे. डस्टर आपटलं, तक्ता निघाला बैलाच्या दातांचा. तो शांतपणे म्हणाला, "दातांवरून बैलाचे वय कळते. म्हणूनच नवरदेवाने मांडवात तोंड उघडू नये." एकानं उठून विचारलं, "साहेब, अन् नवरीच्या बापानं जबरदस्तीनं उघडलं तं?" हा म्हणाला, "तर तो बैलबाजारात आला आहे असे समजावे." थाळी वाजवायला माझा हात उठेना.

त्या हिवाळ्यात अकोल्याच्या ट्रेनिंगवाल्यांनी आम्हाला त्यांच्या संमेलनात बोलावलं. अमरावतीची पाच माणसं, अकोल्याची पाच. अकोल्याचे लोक आधीच ठरवून बसले होते की आमच्यावर हसायचं नाही. आमचे चारजण पडले. पाचवा भातकुलीवाला. दुसऱ्या तक्त्याला त्यांच्या पहिल्या रांगेतला एकजण खुर्चीवरून घसरला आणि मग सगळा मांडवच हसत सुटला. हार त्याच्या गळ्यात पडला. परत येताना यष्टीत मी मात्र खेळ कसा सुचला ते सगळ्यांना सांगत होतो.

एवढं होऊन सरावाच्या पाठात त्याचं तेच. टाचण हातात असलं, विषय येत असला की आवाज गायब. औषध म्हणून काढलेला खेळ त्या दुखण्याला लागूच पडत नव्हता. वार्षिक पाठाला तीन आठवडे उरले. त्यानं विषय घेतला कपाशी, शेतापासून सदऱ्यापर्यंत, आणि आठ तक्ते स्वतः रंगवले. पेरणी, फूल, बोंड, वेचणी, जिनिंग, रुईची गठाण, सूत, सदरा. रोज सकाळी वसतिगृहामागच्या विहिरीपाशी जाऊन तो सगळा पाठ मोठ्यानं म्हणायचा. शनिवारी येणं त्यानं बंद केलं.

मी म्हटलं, "काहून उगाच घसा फोडून राहिला? तुले ते जमनार नाही गड्या."

"आवाज येऊन राहिला थोडा थोडा," तो म्हणाला.

माझा विश्वास बसला नाही. पुन्हा नापास होणार, बाप नेणार, हेच मला दिसत होतं. आणि त्याचा आवाज कशानं येतो हे आपल्यालाच ठाऊक आहे, अशी माझी घमेंड होती. पाठाच्या दिवशी तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची गुंडाळी सोडली, आठही तक्ते पत्त्यांसारखे पिसले आणि पुन्हा होती तशी बांधून ठेवली.

मी वर्गाबाहेर खिडकीशी उभा होतो. परीक्षक मागं कागद घेऊन बसलेले. त्यानं पेरणीचा म्हणून पहिला तक्ता उलगडला, तर सदरा निघाला. दुसरा पाहिला, बोंड. तिसरा, गठाण. तो थांबला. पाठ बुडाला तर माझ्यामुळे बुडणार होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग त्यानं सगळे तक्ते टेबलावर पसरले आणि मुलांकडे वळला. "मुलांनो, हे तक्ते आज रांग मोडून बसले आहेत. यांना रांगेत कोण लावून देईल?" आवाज खणखणीत. साऱ्या वर्गाचे हात वर. एकेकाला बोलावून त्यानं तक्ते भिंतीशी धरून उभं केलं. गठाणवाला बोंडाच्या आधी उभा राहिला तर बाकीची पोरंच ओरडून त्याला मागं ढकलू लागली. शेतातून आलेली पोरं ती, त्यांना सगळं येत होतं. पाठ संपला तेव्हा आठजण ओळीनं उभे होते आणि परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली होती. प्रसंगावधानाचे पुरे गुण त्यांनी दिले, वर आमच्या प्राचार्यांना म्हणाले की असा पाठ बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. त्या वर्षी तो पहिला आला आणि महिन्याभरात बार्शीटाकळीकडे त्याला शाळाही मिळाली.

पाठ झाल्यावर तो खोलीत तक्ते गुंडाळत होता. मी मोठ्या आनंदानं त्याला सांगितलं की हे माझं काम. शाबासकी हवी होती मला.

त्यानं दोरीची गाठ मारली. "तूनं केलं?"

"मंग काय. पास झाला का नाही?"

"झालो," तो म्हणाला. "आज सकाळी विहिरीपाशी सारा पाठ म्हटला. पयल्यापासून शेवटपर्यंत, एकदाबी अडकलो नाही. आज वर्गात अडकलो असतो का नसतो, हे आता मले कधीच समजनार नाही गड्या."

मी म्हटलं, चाल, चहा घेऊ. तो आला नाही.