दुखतंय हे मला बोलायला लावणाऱ्या ताई

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हा चुका दिसल्या तर पोटात घाला. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या ताईंनी मात्र घातल्या नसत्या.

त्या पेनचं टोपण दातात धरून विचारायच्या, "म्हणजे नक्की किती?" दूध उतू गेलं म्हटलं तरी हाच प्रश्न. तुम्हीही अशी सरकारी माणसं पाहिली असतील. लक्ष्मीबाई नगरात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं क्वार्टर होतं, एकट्याच राहायच्या. मी सकाळी पोळ्या करायला जायचे. दिल्लीत मराठीत रागावणारं माणूस मिळालं, यातच मला बरं वाटायचं.

एकदा ओट्याशी उभी असताना त्या मागून म्हणाल्या, "बगळ्यासारखी एका पायावर का उभी आहेस?"

"काही नाही, ताई."

"काही नाही म्हणजे नक्की किती?"

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं होतं. अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता. आमचे हे नोएडात कारखान्यात आहेत, तिथून घरच्यांचा विमा मिळतो. दवाखान्यात ऑपरेशनची तारीखही ठरली. पण आठ दिवस आधी विम्याचं पत्र आलं : नामंजूर.

ह्यांचा चेहरा उतरला. घरात पैसे होते, पण ते मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे. महिन्याभरात फी भरायची होती. मी म्हटलं, राहू दे ऑपरेशन. रात्रभर पाय ठणकत होता.

सकाळी ताईंनी ते इंग्रजी पत्र वाचलं. मग दवाखान्याचे कागद वाचले. टोपण दातातून काढलं.

"यात लिहिलंय, दुखत नाही. चप्पल नीट बसावी म्हणून ऑपरेशन हवंय. डॉक्टरला काय सांगितलंस तू?"

मी खालमानेने सांगितलं. तरुण डॉक्टर होते. "दर्द होता है?" म्हणाले. मी "नहीं" म्हटलं. मग आलात कशाला, तर म्हटलं, चप्पल बसत नाही.

"आणि दुखत असताना नाही का म्हणालीस?"

"मला वाटलं, ते पुन्हा विचारतील."

ताईंनी कागद खाली ठेवले. "अगं, पंगतीत जिलबी वाढतायत का तिथे? पहिल्यांदा नको म्हणायचं, मग आग्रह झाला की घ्यायचं?"

तसंच झालं होतं. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. डॉक्टरांनी एकदाच विचारलं आणि लिहून मोकळे झाले.

ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रिक्षात मी म्हटलं, "ताई, तुम्हीच बोला ना."

"पाय माझा आहे का?"

दोन तास बाकावर बसलो. नंबर आला तेव्हा मी ताईंकडे बघितलं. डॉक्टर घड्याळ बघत होते. ताई वरचा पंखा बघत होत्या. एक शब्द बोलतील तर शपथ.

"दर्द होता है," मी म्हटलं. "दो साल से. सुबह पाँव ज़मीन पर रखती हूँ तो आँख में पानी आता है."

"पहले तो आपने मना किया था."

"शरम आई थी."

त्यांनी मला चालायला लावलं, अंगठा दाबला. मी पहिल्यांदाच मोठ्याने ओरडले. मग त्यांनी बराच वेळ लिहिलं.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "चल, चहा घेऊ." मी सवयीने "नको" म्हटलं. त्यांनी एकच चहा मागवला आणि माझ्यासमोर बसून प्यायला.

नवे कागद गेले, पण तारखेपर्यंत उत्तर आलं नाही. आधी तुम्ही भरा, मग मागा, असं विमावाले म्हणाले. ह्यांनी फीचे पैसे दवाखान्यात भरले. मुलगी काही बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं मला टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

पायाला पट्टी असतानाच ताईंच्या बदलीची ऑर्डर आली. जाण्याआधी त्या मुनिरक्याला आमच्या खोलीवर आल्या. विम्याचे पैसे मागायचा अर्ज लिहून आणला होता. खाली सही माझ्याकडून करून घेतली. तिरकी झाली. "चालेल," म्हणाल्या. "रोज अकराला विम्याच्या ऑफिसात फोन करायचास. तू. नवऱ्याने नाही."

मी करत राहिले. पलीकडची मुलगी माझा आवाज ओळखू लागली. रोज म्हणायची, "देख रहे हैं, आंटी." फीच्या शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले, मग दोन.

त्या सकाळी ह्यांचा नोएडाहून फोन आला. खात्यात पैसे जमा झाले होते. मी फोन ठेवला आणि लक्ष्मीबाई नगरची बस धरली. ताई तर केव्हाच बदलीच्या गावी गेल्या होत्या, फोनवर कळवता आलं असतं, पण ते सुचलंच नाही. दोन जिने चढून गेले. दाराला सरकारी कुलूप होतं, पाटीच्या जागी चार खिळ्यांची भोकं. मी तिथेच पायरीवर टेकले आणि दाराकडे बघून हळूच सांगितलं, "ताई, सगळे आले. एक रुपया कापला नाही."