तोवर एक तार बांध

गुणवंतराव ठवकर कुणाच्याही घरी गेले की माणसांकडे नंतर बघत. आधी भिंतीवरच्या स्टॅबिलायझरकडे जायचे, त्याच्या पत्र्यावर पालथा हात ठेवायचे आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहायचे. घरातली बाई पाण्याचा पेला घेऊन ताटकळलेली. मग म्हणायचे, "ठीक हाये. अंग नाही तापलं याचं." त्यानंतर पाणी, आणि त्यानंतर पोराबाळांची चौकशी. माझ्या बायकोला सुरुवातीला याचा भारी राग यायचा. "तुमच्या काकाजींना माणसापेक्षा डबा प्यारा," असं ती तोंडावर म्हणायची आणि ते खुशाल हसायचे.

डबा त्यांनीच बनवलेला असायचा. त्या वर्षांत आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटला दिवेलागण झाली की व्होल्टेज इतकं पडायचं की पेटलेल्या बल्बकडे खुशाल टक लावून बघावं. टीव्ही, फ्रिज वाचवायचा तर स्टॅबिलायझर हवाच, आणि स्टॅबिलायझर घ्यायचा तर ठवकरांचा. वडील तहसील कचेरीत, दोन भाऊ सरकारी नोकरीत, हे एकटे धंद्यात पडलेले, म्हणून नातेवाइकांत जरा वाया गेलेले समजले जात. मेन रोडवर त्यांचं दुकान आणि माझं कॉम्प्युटर सेंटर यांच्यात एकच भिंत होती. सगळा गाव त्यांना काकाजी म्हणायचा, मीही म्हणायचो.

त्यांचा माल बिघडला तर गिऱ्हाइकानं दुकानात आणायचा नाही, असा कायदा. "माल माह्या घरून गेला, तर आनालेही मीच जाईन. तुमी काहून डोक्यावर घ्याल?" मग स्कूटरवरून हट्ट्याला, बसनं किरनापूरला, थेट बिरसापर्यंत जायचे. दारात चप्पल काढता काढता पहिला प्रश्न ठरलेला, "त्याच्यावर काय लावलं होतं?" गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं, "सिर्फ टीवी, काकाजी." काकाजी पलंगाखाली वाकायचे आणि तिथून तारेची शेगडी ओढून काढायचे. एका हेडमास्तरांनी तर शेगडी देवघरात लपवली होती. टीव्हीपुरत्या डब्यावर दूध तापवायचं, अंघोळीचं पाणी तापवायचं, थंडीत खोलीही तापवायची, असा आमच्याकडचा कारभार. काकाजी चिडत नसत. "आपल्या मानसाले विजेचा डब्बा देल्ला, का तो त्याच्यावर शेगडी लावनारच," म्हणत आणि चहा घेऊन परतत.

आणखी एक वाक्य होतं. कुणाचा फ्यूज उडाला आणि लगेच जाणं जमणार नसलं, तर फोनवर सांगायचे, "तोवर वायरचा एक पदर बांध. मी येऊन राह्यलोच." फ्यूजची खरी तार बारीक असते. भार वाढला की ती वितळते, आणि वीज बंद होऊन घर वाचतं. तिच्या जागी साधी वायर बांधली की ती काही वितळत नाही, मग आतलं सगळं तापत जातं. हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण संध्याकाळपर्यंत ते स्वतः पोचायचे, तो पदर काढून फेकायचे, खरी तार लावायचे आणि पलंगाखाली वाकून बघायचे. अर्धा गाव या 'तोवर'वर चालला होता आणि कधी काही झालं नाही.

त्यांचा मुलगा मोहन नागपूरला शिकला आणि तिथंच त्यानं बापाचा माल इंटरनेटवर विकायला सुरुवात केली. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, इमर्जन्सी लाइट. ऑर्डरी माझ्या सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर यायच्या, मी कागदावर उतरवून भिंतीपलीकडे द्यायचो. धंदा बरा चालला. मग एका दिवाळीत मोहन म्हणाला, "बाबा, कॅनडा का मार्केट खुला पडा है." आमच्याकडची पोरं बापाशी मराठीत सुरू करतात आणि पैशावर किंवा भांडणावर आलं की हिंदीत जातात. त्याचं म्हणणं असं की कॅनडात वीज आपल्या निम्म्या जोराची. आपली माणसं बॅगेत मिक्सर घालून नेतात आणि तिथं तो नुसता कण्हतो. जोर दुप्पट करणारा डबा आपण बनवायचा आणि इंटरनेटवरून थेट तिकडे विकायचा.

काकाजींना डबा बनवणं अवघड नव्हतं. त्यांनी वेगळंच विचारलं, "तिथं बिघडला तर जाईन कोन?"

मोहन हसला. "कोणी नाही जात बाबा. कुरियर जातं."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन त्यांनी कॉम्प्युटरवर कॅनडाचा नकाशा काढायला लावला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "लई मोठा हाये. पन पोराचं मन नाही मोडावं." आणि कामाला लागले. पहिला डबा दिवसभर चालू ठेवून त्यावर सारखा हात ठेवून बघत होते. फक्त मिक्सरसाठी, असं मोहननं डब्यावर इंग्रजीत छापून घेतलं. काकाजींनी प्रत्येक डब्यात फ्यूजच्या तारेची एक पुडी टाकली. ते मोहनला गावंढळ वाटलं, पण त्यानं राहू दिलं.

वैशाली त्या पहिल्या गिऱ्हाइकांतली. माहेर गोंदियाचं, म्हणजे आमच्या शेजारचंच, आणि नवऱ्याबरोबर टोरांटोजवळ कुणाच्या तरी घराच्या तळघरात भाड्यानं राहायची. तिनं मेल वगैरे काही केलं नाही, सरळ दुकानात फोन लावला. "काकाजी, तुमच्या डब्ब्यावर पुरन वाटलं. एक कनी नाही राह्यली." झालं. आठवडाभर मेन रोडवर ज्याला त्याला काकाजी हे सांगत सुटले. पानवाल्यालाही कॅनडातलं पुरण ठाऊक झालं. आम्ही त्यांना पुरणवाले काकाजी म्हणून छळून घेतलं. मग ती अधूनमधून फोन करायची. एकटी होती बिचारी, मुलगा जेमतेम चालायला लागलेला. त्याला फोनपाशी धरायची आणि तो नुसता श्वास घ्यायचा. काकाजी त्या श्वासाशी गप्पा मारायचे.

एका सकाळी मी त्यांच्या दुकानात चहा पीत बसलो असताना तिचा फोन आला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "काकाजी, फ्यूज सारखाच उडून राह्यला. तुमची पुडी संपली. इथं असली तार भेटत नाही."

"तोवर वायरचा एक पदर बांध, पोरी. मी आजच पोस्टानं तार धाडतो." मग पोराची चौकशी झाली, दात किती आले वगैरे. ठेवता ठेवता सवयीनं म्हणाले, "मी येऊन राह्यलोच." मी खो खो हसलो. तेही हसले. "आता कॅनडाले स्कूटर काढा लागते," म्हणाले आणि राहिलेला चहा प्यायले. दुपारी पोस्टात जाऊन फ्यूजची तार पाठवली.

त्याच्यावर काय लावलं होतं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

नंतर तिचा फोन आला नाही. काकाजी मला विचारायचे, मोहनला विचारायचे. मोहन म्हणायचा, बिझी असेल. पुढच्या दिवाळीत फराळाला मी त्यांच्याकडे बसलो होतो. काकाजींनी पुन्हा तिचा विषय काढला, तसा मोहन वैतागला. "उस बाई का नाम मत लो बाबा. शेगडी लावली होती तिनं आपल्या डब्यावर. तळघरात चूल नाही, म्हणून रात्री मुलाचं दूध त्याच्यावर तापवायची. फ्यूज की जगह तार बांध दी. डब्यानं पेट घेतला. मुलाचा हात आणि मान भाजली."

काकू करंजीचं ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. काकाजींनी विचारलं, "लेकरू हाये ना?"

"आहे. पण नवऱ्याचा मेल आला होता. बायको म्हणते, तार बांधायला दुकानवाल्यानंच सांगितलं, हे खरं का? मैंने साफ लिख दिया, हम ऐसा कभी नहीं बोलते."

"मीच बोललो होतो," काकाजी म्हणाले.

मोहनचा चेहरा उतरला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन. पण सावरायला त्याला फार वेळ लागला नाही. "बाबा, ये बात इस घर से बाहर नहीं जाएगी. केस हुई तो दुकान, घर, सब जाएगा." मी माझी ताटली तशीच ठेवून उठलो. मोहनचा तेव्हा मला आला तेवढा राग आयुष्यात क्वचित कुणाचा आला असेल. बापाला वाचवायला बोलतोय हे कळत होतं, तरीही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी माझ्या दारात. "चाल, गोंदियाले जाऊ. तिच्या मायबापाले सांगतो. तिच्या दारी जाता येत नाही, इथं तरी येते." पहिल्या गाडीनं निघालो. तिचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले, विचारत विचारत घर सापडलं. दार वाजवलं आणि दार वैशालीनंच उघडलं.

आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. "कोन पाह्यजे?" एवढ्या आवाजावरून काकाजींनी ओळखलं. नवऱ्यानं तिला परत पाठवून दिलं होतं. पोराला तिच्या हाती देण्यात अर्थ नाही म्हणाला. मुलगा तिकडेच, नवऱ्याजवळ आणि सासूजवळ.

काकाजी बसले नाहीत. भिंतीवर स्टॅबिलायझर होता, त्यालाही हात लावला नाही. वडील खुर्चीत होते, त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मी बालाघाटचा ठवकर. तार बांध म्हनून मीच सांगतलं होतं. हिनं आपल्या मनानं नाही केलं. डब्ब्यावर काय लावलं ते मी विचाराले पाह्यजे होतं, विचारलं नाही."

आतून तिची आई बाहेर आली. "शेगडी तर मीच देल्ली होती तिच्या बॅगेत," ती म्हणाली. "तिथं थंडी असते म्हनून."

वैशाली दाराला धरून उभी होती. "मंग तुमी तसं नाही म्हनून काहून लिहिलं?" असं विचारताना तिचा आवाज चढलाही नाही. "मले वाटाले लागलं होतं काकाजी, का तुमी बोललेच नाही. मीच येडी, मनानंच काहीतरी आयकली. सगळे तसंच म्हनत होते."

मी तोंड उघडलं. मोहनचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. काकाजींनी माझं मनगट असं दाबलं की कळ गेली. "माह्या दुकानातून गेलं ना पोरी, म्हनजे मीच लिहिलं," ते म्हणाले. "चुकलं माह्यं."

मग त्यांनी तिथूनच कॅनडाला फोन लावायला लावला. जावयाला तेच सगळं पुन्हा सांगितलं, हात जोडून, जणू तो समोर बसला आहे. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन बंद झाल्यावरही काकाजी रिसीव्हर कानाला धरून होते. शेवटी वैशालीनंच तो त्यांच्या हातातून घेतला.

कॅनडाचे डबे त्या दिवशी बंद झाले. मोहनचं येणं कमी झालं, बापलेकांचं बोलणं तब्येतीपुरतं राहिलं. काकाजी गोंदियाला मात्र जात राहिले. रविवारी नवरा तिला फोनवर मुलाशी बोलू द्यायचा. "बोलनं झालं का?" एवढं विचारून काकाजी परतायचे. जावयाला माझ्याकडून मेलवर मेल करवले, एकाचंही उत्तर नाही. आणि गावात कुणाचा फ्यूज उडाला तर आता म्हणायचे, "अंधारात बस. मी येतो." लोक कुरकुरायचे, दुसऱ्या दुकानांकडे वळायचे. काकाजी अंधारात बसवायचे ते बसवायचेच.

ते मे महिन्यात गेले, सकाळी, दाढी करता करता. मोहन नागपूरहून येईपर्यंत थांबायचं होतं, म्हणून बर्फ आणला, शेजाऱ्यांनी आपापले कूलर आणून लावले, बैठकीत मोठा पंखा लावला. व्हायचं तेच झालं. फ्यूज उडाला. बाजारात तार आणायला माणूस धावला आणि हात हलवत परत आला, काकाजींसाठी मेन रोडवरची सगळी दुकानं बंद होती, आणि खुद्द त्यांच्या दुकानाचं कुलूप मोहन येण्याआधी काढायला कुणी धजेना. कुणीतरी म्हणालं, "अरे, तोवर वायरचा एक पदर बांधा." पुतण्यानं चाकू काढून वायर सोलायलाही घेतली.

"नाही," काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. "या घरात नाही."

मग आम्ही त्या उकाड्यात तसेच बसलो. गोंदियाहून वैशाली आली होती. ती काकूंना घडी केलेल्या पेपरनं वारा घालत होती, मधून काकाजींनाही.

दुपारी मोहन आला. बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडला. मग पंखे बंद का, असं त्यानं विचारलं. फ्यूज उडाल्याचं कळलं, तसा स्वतःच उठला, दुकान उघडून आला. त्याच्या हातात कॅनडाच्या डब्यांसाठी बांधलेल्या पुड्यांतली एक पुडी होती. स्टुलावर चढून त्यानं फ्यूज काढला आणि भरल्या घराकडे न बघता बापाच्याच आवाजात विचारलं, "त्याच्यावर काय लावलं होतं?"

वैशालीच बोलली. "तीन कूलर. एक पंखा." आणि जरा थांबून, "मले कोनी विचारलं असतं, तर मी सांगतलं असतं."

मोहननं वळून बघितलं. "आप कौन?"

"गोंदियाची वैशाली."

पुडी त्याच्या हातात तशीच राहिली. तो तार ओवायला गेला, ती निसटली, पुन्हा गेला, पुन्हा निसटली. शेवटी स्टुलावरून उतरून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि मान वर करेना. वैशालीनं पेपर काकूंच्या हातात दिला, दोन कूलरचे प्लग काढले आणि मला म्हणाली, "भाऊ, आता लावा." मी तार लावली. पंखा फिरला, तेव्हा काकूंनी उठून मेन स्विचच्या डब्यावर पालथा हात ठेवला, आणि त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.