भांड्याचा तळ

आमच्याकडे भांड्याचा तळ पाहुण्याला देत नाहीत. उत्तनच्या आमच्या पाखाडीत, म्हणजे वाडीत, हा दंडक मी कळत्या वयापासून पाहिला. सोयरे आले की मडकं मधोमध यायचं. घरधनी आधी स्वतः घोट घ्यायचा आणि मग पेला पुढे करायचा, म्हणजे आत काही वाईटसाईट नाही याची पाहुण्याला खात्री. पेला फिरत फिरत मडकं सरत आलं की खाली उरलेलं गढूळ, मसाल्याच्या चोथ्याचं, ते घरधन्याने संपवायचं. वरचं नितळ पाहुण्याला, खालचं आपल्याला. यात मोठेपणा होता, आणि माझ्या बापाला मोठेपणाची भारी हौस.

स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. माझं लग्न ठरलं आणि सगळीकडे दारूबंदी आली, दोन्ही एकाच हंगामात. मडक्यात जायची ती मसाला घालून गरम केलेली दारू. तीच नाही म्हटल्यावर बापाचा जीव खालीवर व्हायला लागला. सोयऱ्यांसमोर मडकं आलं नाही तर लोक तोंडात शेण घालतील, हेच त्याचं पालुपद. त्याला लग्नाची काळजी कमी आणि मडक्याची जास्त, असं मी म्हणायचे आणि शिव्या खायचे.

दारू मिळत नव्हती असं नाही. पण जे चोरून मिळत होतं त्याचीच भीती होती. शेजारच्या गावात एका लग्नात कुणीतरी लाकडाला लावायचं पॉलिश लिंबू पिळून पाजलं होतं. एक वऱ्हाडी गेला, एक आंधळा झाला. त्या आंधळ्याला मी बाजारात पाहायचे. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून यायचा आणि मासळी बोटांनी चाचपून भाव करायचा. आयने बापाला बजावून ठेवलं होतं, "पॉलिश माज्या उंबऱ्याच्या आत आलं तर मी बाहेर."

मग आत्याने तोड काढली. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर आमच्याकडेच राहिली होती. बाप लहान असतानाच त्यांची आई वारली, तेव्हा आत्यानेच त्याला वाढवलं, आणि तो चाळिशी उलटून गेला तरी ती त्याला वाढवतच होती. चूल तिची, मसाल्याचा डबा तिचा. ती म्हणाली, "जायफळ उगालून तान्या पोराला देतो ना आपण? झोपतंय ना गुमान? मग बाप्या मानसांना जरा जास्त. गुल, दालचिनी, लवंग, सगला पयल्यासारका. दारू तेवडी न्हाय."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. डब्यातलं ते घरचं आणि घरचं ते चांगलं, एवढंच आमचं शास्त्र. आय पॉलिशला जितकी घाबरत होती तितकी या मडक्यावर निर्धास्त झाली. आत्याने दोन दिवस किसणी खाली ठेवली नाही. घरभर जायफळाचा वास भरला होता. किती किसली ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

लग्नाच्या आठवड्यात गोराईहून नवऱ्याकडची चार वडीलधारी माणसं साडी घेऊन आली. चर्चमधली सकाळची मिस्सा आटपून आली होती, अंगावर धुवट कपडे, भूक मोठी. मडकं मध्ये ठेवलं. बापाने पहिला घोट घेतला आणि पेला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांपुढे केला. त्यांनी चव घेतली, मिशी पुसली, पुन्हा घेतली.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "पन चढत कशी न्हाय?"

सगळे हसले. बापाचा चेहरा उतरला. त्याने पेले भरून द्यायचा सपाटा लावला, आणि दर पेल्याआधी दंडकाप्रमाणे स्वतःचा घोट. चढत नाही म्हणून आणखी, आणखी घेऊनही चढत नाही म्हणून वर आणखी. दुपारी जेवून पाहुणे निघाले तेव्हा सगळ्यांची पावलं सरळ पडत होती. बाप ओटीवर परत आला, मडकं वाकडं करून बघितलं. तळाशी खिरीसारखा जाड थर बसला होता. त्याने त्यात पाणी घातलं, बोटाने ढवळलं आणि उभ्या उभ्या संपवलं. आत्या कौतुकाने बघत होती.

उन्हं कलायला लागली तशी बापाने पाणी मागितलं. मी दिलं. पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा त्याची जीभ टाळ्याला चिकटून शब्दच फुटत नव्हता. जाळं शिवायला घेतलं होतं, ते हातातून खाली पडलं. डोळे लाल, तोंड लाल, आणि हात मात्र गार. मला म्हणाला, "काळजावर हात ठेव गो." मी ठेवला. तसं धडधडणं मी माणसाच्या छातीत कधी पाहिलं नव्हतं. मध्येच थांबल्यासारखं व्हायचं.

मग तो हसायला लागला. आधी बरं वाटलं. पण हसू थांबेना आणि हसता हसता त्याची नजर दाराकडे गेली. माझा काका, बापाचा धाकटा भाऊ, मी लहान असताना समुद्रात बुडाला होता. बाप दाराकडे बघून म्हणाला, "ओला हायस तू, आत ये. पाट घे." आणि खरोखर सरकून त्याने शेजारी जागा केली. भर उजेडात, उघड्या दाराच्या घरात मी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

आयने दार लावून घेतलं. थोरला भाऊ भाईंदरला डॉक्टरकडे जायला निघाला तर त्याची वाट अडवून उभी राहिली. "डाक्टर आला की पोलीस येल. दारू म्हनतील. लग्न मोडंल, यो तुरुंगात जाईल." तिचं चुकत होतं असं आजही मी म्हणणार नाही. पाखाडीतल्या एकाला नुसत्या रिकाम्या बाटल्यांवरून नेलं होतं. दारूच नव्हती हे कोण मानणार? तेवढ्यात बापाने माझं मनगट धरलं आणि अगदी शुद्धीवरच्या माणसासारखं हळू म्हणाला, "मना सोडू नको. मी चाललोय."

मला राग आला. भीतीचा राग असतो तसा. मी आयवर ओरडले, "मोडू दे लग्न! मना बाप पायजे, लग्न नको!" होणाऱ्या नवरीच्या तोंडी असले शब्द आमच्याकडे कुणी ऐकले नव्हते. आय बाजूला झाली. भाऊ सायकल घेऊन गेला.

वाट बघत होतो तेवढ्यात दार वाजलं. डॉक्टर इतक्या लवकर येणं शक्य नव्हतं. दाराबाहेर गोराईचा माणूस, सासऱ्यांनी पाठवलेला. माझ्या मनात आलं, तिकडे कुणी गेलं. पाहुण्यांनी घेतलेलंही याच मडक्यातलं. आयने दार जेमतेम फटीएवढं उघडलं आणि फळीला खांदा लावून उभी राहिली. माणूस म्हणाला, चौघंही आल्यापासून ढाराढूर झोपलीत, उठली की घसा सुकतोय म्हणतात, पण खुशीत आहेत.

"त्यांनी इचारलंय," तो म्हणाला, "लग्नाला पन हीच हाय ना? उशिरा चढते, पन झ्याक हाय म्हनतात."

आतून बापाचं हसणं ऐकू येत होतं. आय तोंडभर हसली आणि म्हणाली, "हाय तर! बघा ना, आमच्याकडे पन खुशीच हाय." दार लावलं आणि तिथेच खाली बसली.

दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टर आला. बापाचं तोंड हुंगलं, डोळ्यांच्या पापण्या वर केल्या, नाडी धरून मोजत बसला. काय पाजलं ते विचारल्यावर आत्या मडकं घेऊन आली. इतका वेळ ती चुलीपाशीच बसून होती. डॉक्टरने मडक्याच्या कडेला चिकटलेला चोथा बोटावर घेतला.

"हे सगळं जायफळ?"

आत्याने मान हलवली.

"मसाल्याच्या डब्यात असलं म्हणून विष होत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?" तो चिडला होता. "हे लगेच कळत नाही. माणूस घेत राहतो आणि मग कित्येक तासांनी उसळतं. पाहुण्यांना वरचं पाणी गेलं, ते सुटले. याच्या पोटात सगळा तळ गेलाय. काळजाला झेपलं तर उतरेल. उतारा माझ्याकडे नाही. एकटं सोडू नका, घोट घोट पाणी द्या. रंग बदलला किंवा श्वास अडला तर गाडी करून माझ्याकडे आणा."

झेपलं तर. तो शब्द मी आणि आत्या दोघींनी ऐकला. पोलिसांचं तो काही बोलला नाही. आत्या बापाच्या पायाशी जाऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत तिने त्याचे गार तळवे चोळले. "मी भरवला याला," एवढंच अधूनमधून पुटपुटायची. "मी भरवला." लहानपणी भरवलं ते की आताचं, मला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

बापाच्या काळजाला झेपलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला नावाने हाक मारली. डोकं जड, तोंड कडू, पायात जोर नाही, पण माणूस जागेवर आला होता. काल काय झालं ते त्याला आठवत नव्हतं. फक्त एकदा दाराकडे बघून विचारलं, "तो जेवून गेला का?" आम्ही हो म्हणालो.

शनिवारी दुपारी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी घेऊन आल्या. विहिरीच्या त्या पाण्याला आमच्याकडे तसंच म्हणतात, लग्नाच्या आंघोळीला ते लागतं. गोराईचे सोयरेही जमले होते. सासऱ्यांनी ओटीवर बसकण मारली आणि मोठ्याने म्हणाले, "काडा तुमची ती उशिरा चढनारी!"

बापाने मडकं मध्ये ठेवलं. तो म्हणाला, "पानी हाय. निस्ता आमच्या हिरीचा पानी. त्या दिवसाचा जे होता ते मना मारत होता." त्याने पहिला घोट घेतला आणि पेला पुढे केला. सासऱ्यांनी जरा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि पाणी प्यायले. मग बाकीचे प्यायले. अशी पाण्यावर पक्की झालेली सोयरिक मी दुसरी पाहिली नाही.

मडकं सरलं. तळाशी थोडं राहिलं. बापाने दंडकाप्रमाणे ते उचललं, तशी आत्या माजघरातून आली आणि तिने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. बाईमाणसाने तळ घेणं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. बाप म्हणाला, "बाय, पानी हाय गो ता."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि गटागटा प्यायली. मडकं पालथं घातलं.

पाहुणे हसले, वाजंत्री पुन्हा सुरू झाली, मला आंघोळीला न्यायला बायका आल्या. आत्या आली नाही. ती ओटीवर मडक्यापाशी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली, चर्चची संध्याकाळची घंटा होईपर्यंत. पाणीच होतं, तरी दुपारी प्यायलेलं चढायला तेवढा वेळ लागतो, हे आता आम्हाला माहीत होतं. ओल्या केसांनी मीही तिच्याजवळ जाऊन बसले.