डोलोरेस यांचे उघडे हात

डोलोरेस खोलीत आल्या त्या आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता सरळ टेबलापाशी गेल्या, आणि तिथे ठेवलेल्या, लव्हाळ्याने विणलेल्या बुधलीला स्वतःची ओळख करून देऊ लागल्या. आपले नाव, आईचे नाव, आजीचे नाव, गाव, विमानाला झालेला उशीर. हस्तांदोलनासाठी पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. बुधलीशी बोलणे संपल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “आता तू. पण आधी मला बसायला खुर्ची आणि तिला बसायला मऊ कापड. बाकी सगळं नंतर.”

हे डब्लिनजवळच्या सिटीवेस्टमधील एका संग्रहालयाचे गोदाम. जुन्या वस्तूंवरील डांबराचे रासायनिक विश्लेषण हा माझा विषय, आणि बुधली माझ्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची वस्तू. म्हणून पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे आली. मी तिला ‘नमुना क्रमांक चार’ म्हणत असे. तीन दिवस डोलोरेस यांच्यासमोर तो शब्द मी गिळत राहिले.

डोलोरेस चुमाश होत्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आणि समोरच्या बेटांवर या लोकांची हजारो वर्षांची वस्ती. लाकडी फळ्यांना भोके पाडून त्या दोरीने शिवायच्या, सांधे किनाऱ्यावर जमिनीतून आपसूक वर येणाऱ्या डांबराने बुजवायचे आणि ती होडी भर समुद्रात घालायची, हे त्यांचे कसब. पाण्याची बुधलीही तशीच: विणून झाली की आत डांबराचे तुकडे आणि तापवलेले खडे टाकून ती गोल फिरवायची, डांबर वितळून आतून लेप बसतो. पुढे स्पॅनिश धर्मप्रसारकांची ठाणी आली, गावे ओस पडली, विणणारे हात कमी होत गेले. डोलोरेस यांच्या आईला विणता येत नव्हते. त्या स्वतः शिकल्या त्या देशोदेशीच्या संग्रहालयांत टोपल्यांसमोर बसून. “माझ्या सगळ्या शिक्षिका कपाटात राहतात,” त्या म्हणत. “आणि कुठेही जा, लिफ्ट बंद आणि चहा पातळ.”

चहाबद्दलचे हे बोलणे गोदाम सांभाळणाऱ्या डेक्लनला लागले. दुसऱ्या दिवशी त्याने काळाकुट्ट चहा आणून ठेवला. “आता ग्रँड आहे ना?” ग्रँड म्हणजे तिकडे नुसते ‘ठीक’.

डोलोरेस यांनी घोट घेतला. “ह्याने होडीचे सांधे बुजवता येतील,” त्या म्हणाल्या, आणि कप रिकामा केला.

त्या इतक्या लांब आल्या होत्या ते एकाच प्रश्नासाठी. गावी आठ जणी त्यांच्याकडे विणायला शिकत होत्या, आणि त्या आठही जणींच्या बुधल्या गळ्यापाशी झिरपत होत्या. वीण बरोबर, लव्हाळा बरोबर, डांबर बरोबर, तरीही. “गळ्याशी किती जोराने ओढायचं, ते डोळ्यांना दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “बोटांना कळतं.” त्यांच्या बोटांच्या टोकांची संवेदना मात्र हळूहळू चालली होती. डॉक्टरांनी त्या बोटांना वर्षभराची मुदत दिली होती. यानंतर प्रवास नाही, हे त्यांनी विमानाच्या उशिराइतक्याच सपाट आवाजात सांगितले.

त्यांच्या उघड्या हातांत देण्याआधी तपासावी म्हणून मी मूलद्रव्ये ओळखणारे क्ष-किरण यंत्र बुधलीवर धरले आणि आकडा पाहून पुन्हा धरले. आर्सेनिक, जुन्या लोकांच्या भाषेत सोमल. कीड लागू नये म्हणून पूर्वी कोणीतरी बाहेरून भुकटी चोळली होती. मी त्यांना प्रमाण, एकके आणि मर्यादा समजावून सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकले.

“म्हणजे आधी तिला नेलं. मग टिकावी म्हणून विष लावलं. आणि आता मला तिच्यापासून वाचवताय.”

“नियम आहे, डोलोरेस.”

“माहीत आहे गं. नियमाशी भांडायचं माझं वय गेलं. मोजे दे.”

हातमोजे घालून त्या दिवसभर बसल्या. बोट गळ्यावरून फिरे, थांबे, परत मागे येई. संध्याकाळी मोजे काढून त्यांनी टेबलावर ठेवले. “ह्यांना सगळं कळलं. मला काहीच नाही.” मी त्रिमितीय स्कॅन सुचवला, प्रत्येक वळसा पडद्यावर दिसेल. “डॉक्टर,” त्या थकून हसल्या, “मला तिचा फोटो नको. तिने किती ताकद लावली ते हवंय.”

ताकद. हा खरे तर माझ्या भाषेतला प्रश्न होता, आणि परतताना लुआस ट्राममध्ये उत्तर माझ्या ध्यानात आले. माझ्या प्रयोगशाळेतील कपाटात एक काचेची कुपी होती. दीड वर्षापूर्वी बुधलीच्या गळ्यातून, आतल्या बाजूने, करंगळीच्या नखाएवढी डांबराची खपली मी चिमट्याने काढली होती. ती सुटत आलीच होती, असे मी स्वतःला सांगितले होते. कोणालाही विचारले नव्हते. अर्धी प्रयोगात संपली. उरलेल्या अर्ध्या खपलीवर माझा शोधनिबंध अवलंबून होता. आर्सेनिक बाहेरच्या बाजूला होते. खपली स्वच्छ होती, हे मी आधीच तपासले होते. आणि गरम डांबर विणीवर बसते तेव्हा विणीचा ठसा घेते. ती खपली म्हणजे गळ्याचा साचा होती. पण उघड्या बोटाचा तेलकटपणा लागला की विश्लेषणासाठी ती निकामी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुपी त्यांच्यासमोर ठेवली आणि काय केले ते सांगितले. वाक्ये मी मनात नीट रचून आणली होती. ती बाहेर पडली तेव्हा त्यांत काही रचना उरली नव्हती.

त्यांनी कुपीकडे पाहिले. चिडल्या असत्या तर सोपे गेले असते.

“दरवेळी असंच,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी कपाटातून काहीतरी काढतं आणि म्हणतं, सुटतच आलं होतं.” मग त्यांनी तळहात पुढे केला. “आण.”

त्यांनी खपली नाकाशी नेली. “लहानपणी किनाऱ्यावरून आलं की हे तळपायाला चिकटलेलं असायचं. आई तेल चोळून काढायची, शिव्या देत.” मग डोळे मिटून त्या अंगठ्याचे नख ठशावरून अगदी हळू नेऊ लागल्या. एक वळसा, दुसरा, तिसरा. डेक्लन चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला.

“दमलेली होती ही,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?”

“ताजा हात सारखा ओढतो. दमलेल्या हाताचा स्वतःवर विश्वास नसतो, म्हणून तो प्रत्येक वळसा पुन्हा एकदा ओढतो. हे बघ, इथे दोनदा. इथेही.” त्यांनी डोळे उघडले. “माझ्या मुली गळा सकाळी विणतात. छान विश्रांती घेऊन.”

खपली त्यांनी कुपीत परत टाकली. मी ती त्यांना देऊ केली, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. “तुझी नाही, तर देणार कशी? संग्रहालयाला सांग. माझ्या लोकांनाही लिही. विचारायचं राहिलं होतं, ते विचार.”

मी दोन्ही पत्रे लिहिली. संग्रहालयाने माझा प्रवेश वर्षभरासाठी थांबवला. निबंध निघाला नाही, आणि तो का निघाला नाही हे मी नोकरीच्या मुलाखतींत सांगते तेव्हा समोरचे लोक सभ्यपणे विषय बदलतात.

दुसऱ्या पत्राचे उत्तर डोलोरेस यांच्या भाचीकडून आले. परवानगीचा विचार मंडळी एकत्र बसून करतील, त्याला वेळ लागेल. डोलोरेस फेब्रुवारीत गेल्या. शेवटच्या महिन्यांत बोटांना काही कळत नव्हते, तरी त्या वर्गात येऊन बसत, आणि गळ्यापर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक मुलीला काम खाली ठेवायला लावत. आधी अंगण झाडा, पाणी भरा, लव्हाळा कापून आणा. अगदी हात गळून आले की मग बसा. मुली कुरकुरत, भाचीने लिहिले होते, पण हिवाळ्यात विणलेल्या तीन बुधल्यांपैकी एकही झिरपत नाही.