कुलूपबंद स्थानक आणि माझा मुतखडा

वर्ध्याहून आर्वीच्या बसमध्ये बसले तेव्हा मांडीवर दोन लिटरची बाटली होती. गेल्या वर्षी मुतखडा काढला आणि त्यानंतर तीनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला. तेव्हापासून मी घोटाघोटाने जगते. पुण्याहून आले होते आणि आर्वीच्या वाटेवरच्या रोहण्याला मैत्रिणीकडे जेवायला निघाले होते.

शेजारच्या सीटवरच्या सुजाताताई निवृत्त नर्स. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं पाणी काऊन (का) पिऊन राह्यल्या? आमच्या बाया प्रवासात तोंडही ओलं करत नाई. मंग खडे घेऊन दवाखान्यात येतात."

खिडकीबाहेर कपाशी आणि तूर धावत होती. मला ती पाहण्याची उसंत नव्हती. लघवीला लागून तास उलटून गेला होता.

वाटेतल्या एका स्थानकावर बस थांबली. महिलांच्या प्रसाधनगृहाला कुलूप. शेजारच्या भिंतीवर स्वच्छतेचा सुविचार. पुरुषांना ती भिंत सुविचारासकट मोकळी होती.

चौकशीच्या खिडकीतला कर्मचारी म्हणाला, "किल्ली सायबाकडे हाय. ते काल नागपूरले गेलते, अजून आले नाई. बाया खराब करतात म्हणून बंद ठेवतो."

"अन् माणसं काय अत्तर शिंपडतात?" सुजाताताईंनी विचारलं. मग त्या बसमधल्या आणखी पाच बायकांना उतरवून थेट बससमोर उभ्या राहिल्या. चालकाने निमूटपणे इंजिन बंद केलं.

दोन मिनिटांत नागपूरला गेलेली किल्ली त्याच कर्मचाऱ्याच्या खणात सापडली.

दार उघडलं. आत तीन मोडक्या खुर्च्या आणि स्वच्छता मोहिमेचे फलक छतापर्यंत रचलेले. आम्ही ते बाहेर काढले. सर्वांत वरच्या फलकावर 'आदर्श स्थानक' असं लिहिलं होतं. नळाला पाणी नव्हतं. माझी बाटली सात जणींत संपली.

बस सुटल्यावर एक म्हातारी हळूच म्हणाली, "वीस वर्षांपासून या रस्त्यानं येतो मी. आज पह्यल्यांदा मोकळी होऊन चालली."

रोहण्याला मैत्रिणीने गोळाभात (बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात) वाढला, वर गरम फोडणीचं तेल. दोन घास खाल्ले आणि थंडी वाजू लागली. कंबरेत कळ, अंगात ताप. कुलूप उघडलं होतं, पण माझ्यापुरता उशीर झाला होता. पुढचे दोन दिवस पाहुणचाराऐवजी सलाईन घेतलं.

पुण्याला परतल्यावर डॉक्टरांनी चौथ्यांदा तीच औषधं लिहिली. बसमधल्या बाकीच्या सहा जणींना कोण लिहून देत असेल, हा विचार मनात होता.

"लघवी अडवून ठेवली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"अडवली होती," मी म्हणाले. "मी नव्हती अडवली."